‘फी माफ, फक्त बाहेर बोलू नका’: शाळेच्या प्रशिक्षकाला हो म्हणण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा वसईला राहतो, जूनमध्ये आठवीत जाईल, वेगवान गोलंदाजी करतो. मुंबईतल्या एका खासगी शाळेच्या क्रिकेट प्रशिक्षकांनी सामना संपल्यावर वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं, ‘आमच्याकडे टाका. दहावीपर्यंत फी एक पैसा नाही, किट आमचं. फक्त बाहेर बोलू नका.’ हे कायद्यात बसतं का, आणि हो म्हणावं का?

कायद्याचं आधी उरकू. खासगी शाळेने एखाद्याची फी माफ केली तर तो गुन्हा नाही. २०११ चा महाराष्ट्राचा शुल्क विनियमन कायदा शाळेला मंजूर फीपेक्षा जास्त घेऊ देत नाही. कमी घ्यायला त्याची आडकाठी नाही. त्यामुळे पोलीस किंवा शिक्षणाधिकारी आपल्या दारात येतील ही भीती डोक्यातून काढून टाका. फीमाफीपेक्षा ‘बाहेर बोलू नका’ या तीन शब्दांकडे जास्त लक्ष द्या. जे कागदावर नाही ते शाळा कधीही नाकारू शकते, आणि नाकारलं की वर्ष मुलाचं जातं, शाळेचं नाही.

मुंबईत खेळासाठी शाळा बदलणं नवं नाही. सचिन तेंडुलकर वांद्र्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधून दादरच्या शारदाश्रमात गेला तो प्रशिक्षक रमाकांत आचरेकरांच्या सांगण्यावरून, आणि फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्ड या आंतरशालेय स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात कांबळीबरोबरची ६६४ धावांची भागी याच शाळेच्या नावावर लागली. रोहित शर्माचं उदाहरण तुमच्या प्रश्नाच्या आणखी जवळचं. प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याला बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेत यायला सांगितलं, तेव्हा महिना २७५ रुपये फी घरच्यांना परवडत नव्हती. लाडांनी शाळेशी बोलून ती माफ करून घेतली. हे रोहित आणि लाड दोघंही उघडपणे सांगत आले आहेत. त्याला घेतलं होतं ऑफस्पिनर म्हणून, फलंदाज तो नंतर झाला. म्हणजे माफी एका कौशल्यावर मिळाली आणि मुलगा दुसऱ्याच कौशल्यावर मोठा झाला. तेराव्या वर्षीच्या गोलंदाजीवर दहावीपर्यंतची अट बांधणाऱ्या शाळेला हे आठवण करून द्यायला हरकत नाही.

गुपचूप का?

शाळेचा हिशेब आधी समजून घ्या. पन्नास मुलांच्या वर्गात एक्कावन्नावं बाक टाकायला शाळेला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. बाई त्याच, वर्ग तोच, पंखा तोच. तुमच्या दृष्टीने वर्षाला साठ-सत्तर हजारांची वाटणारी माफी शाळेला प्रत्यक्षात फार थोड्यात पडते, आणि बदल्यात हॅरिस किंवा जाइल्स शील्डच्या फोटोखाली शाळेचं नाव येतं. पुढच्या प्रवेशांच्या वेळी तोच फोटो फाटकावरच्या फलकावर लागतो. म्हणून ‘एवढी मोठी मदत करतायत, कशाला कागद मागायचा’ असा संकोच बाळगू नका. हा व्यवहार दोघांच्या फायद्याचा आहे.

गुप्ततेची कारणं साधारण पाच असतात. फी भरणारे पालक विचारतील, ‘आमच्या फीतून यांची माफी का?’ संघातल्या इतर मुलांचे आईवडील तीच सवलत मागतील. जुन्या शाळेशी भांडण नको असतं, कारण दोघांचे प्रशिक्षक उद्या त्याच मैदानावर भेटणार असतात. कधीकधी मुलाच्या वयात किंवा नावनोंदणीत गोम असते. आणि पाचवं, सगळ्यात साधं: मुलगा चालला नाही तर गाजावाजा न करता माफी थांबवता यावी. पहिल्या तीन कारणांत वाईट काही नाही, चौथं दिसलं की त्या क्षणी निघून या. पाचव्याचा बंदोबस्त करता येतो, आणि बाकीचं उत्तर बहुतांशी त्याबद्दलच आहे.

माफी कागदावर कशी दिसते

हा भाग सहसा कोणी पालकांना सांगत नाही, म्हणून जरा थांबून वाचा. ‘फी माफ’ या एकाच शब्दामागे चार वेगवेगळे व्यवहार असू शकतात.

पहिला प्रकार उत्तम. शाळा चालवणाऱ्या विश्वस्त संस्थेचा शिष्यवृत्तीचा किंवा विद्यार्थी साहाय्याचा निधी असतो, त्यातून तुमच्या मुलाची फी शाळेकडे जमा होते आणि मुलाच्या नावाची पूर्ण रकमेची पावती फाडली जाते. संस्थेच्या ताळेबंदात ती दिसते, लेखापरीक्षक ती बघतो. दुसरा प्रकार चालण्यासारखा. फी रजिस्टरमध्ये मुलाच्या नावापुढे ‘सवलत’ म्हणून नोंद होते आणि पावती निघते, भले ती शून्य रुपयांची किंवा फक्त परीक्षा फीची असो.

तिसरा प्रकार धोक्याचा, आणि गुपचूप व्यवहारांत नेमका तोच जास्त असतो. रजिस्टरमध्ये काहीच लिहिलं जात नाही. मुलाचं नाव हजेरीपटावर आहे, वर्गात बसतो, खेळतो. फीच्या रकान्यात मात्र ‘येणे बाकी’ साचत जाते. कोणी मागत नाही, म्हणून तुम्ही निर्धास्त असता. दीड वर्षाने मुलगा शाळा सोडायला निघाला, किंवा प्रशिक्षक बदलले, किंवा लेखनिक नवा आला, की हातात थकबाकीचा आकडा पडतो. दाखला अडतो. ‘सरांनी माफ म्हटलं होतं’ याला तेव्हा काही किंमत नसते, कारण सर आता दुसऱ्या शाळेत असतात. आणि प्रशिक्षकाला मुळात फी माफ करायचा अधिकारच नसतो. तो शिफारस करतो; निर्णय व्यवस्थापनाचा.

चौथ्या प्रकारात फी प्रत्यक्षात भरली जाते, पण ती प्रशिक्षक, एखादा माजी विद्यार्थी किंवा क्लबचा देणगीदार रोख भरतो. यात लबाडी असेलच असं नाही, अनेक भले लोक हे करतात. पण माफी शाळेची नसून माणसाची आहे हे ध्यानात ठेवा. तो माणूस गेला की माफी गेली. अशा वेळी पावती मुलाच्या नावाने आणि दर सत्राला मिळते ना, एवढं तरी पाहा.

ओळखायचं कसं? जूनमध्ये प्रवेशाच्या दिवशी कार्यालयात जाऊन सरळ विचारा: ‘या सत्राची पावती कधी मिळेल?’ उत्तर ‘तुम्हाला कशाला पावती, तुमचं तर माफ आहे’ असं आलं, तर तो तिसरा प्रकार.

‘सगळं माफ’ म्हणजे नक्की काय

फीमध्ये शिकवणी शुल्क हा एक भाग. सत्र शुल्क, संगणक, प्रयोगशाळा, परीक्षा, वार्षिक संमेलन, सहल, गणवेश (त्यातही शाळेचा आणि खेळाचा वेगळा), पुस्तकं, बस, उपाहारगृह हे सगळं वेगळं असू शकतं. इंग्रजी माध्यमाच्या शाळांत हे बाकीचे खर्च मिळून कधीकधी शिकवणी शुल्काच्या निम्म्यावर जातात. शाळेच्या मंजूर शुल्काचा तक्ता मागा आणि एकेका ओळीपुढे ‘माफ’ की ‘भरायचं’ ते लिहून घ्या.

‘किट आमचं’ याचाही उलगडा करून घ्या. बऱ्याच शाळांत किट म्हणजे संघाची सामायिक बॅग: दोन-तीन बॅट, चार-पाच जोड्या पॅड, हेल्मेट. मुलाच्या स्वतःच्या वस्तू त्यात येत नाहीत. वेगवान गोलंदाजाला सर्वांत महाग पडतात ते बूट. खिळ्यांचे गोलंदाजीचे बूट कठीण मैदानावर लवकर झिजतात, आणि या वयात पाय वाढत असतो, त्यामुळे वर्षाला दोन जोड धरून चाला. सरावाचे चेंडू, प्रवासभाडं, सामन्याच्या दिवशीचं जेवण आणि उन्हाळी शिबिराचे पैसे कोण देणार हेही विचारा. प्रशिक्षकाची खासगी अकादमी असेल तर एक प्रश्न मुद्दाम: शाळेची फी माफ, पण अकादमीची? शाळेत माफ आणि अकादमीत दरमहा पाच हजार, असा हिशेब निघाला तर ती शिष्यवृत्ती नव्हे, अकादमीचं गिऱ्हाईक गाठण्याची युक्ती.

कागद कसा मिळवायचा

मुख्याध्यापकांच्या सहीचं, शाळेच्या लेटरहेडवरचं पत्र मिळालं तर सोन्याहून पिवळं. बहुतेक शाळा ‘पत्र कशाला, आमच्यावर विश्वास नाही का?’ म्हणतात. मग भांडू नका, तुम्हीच पत्र लिहा. दोन प्रती न्या, कार्यालयात एक द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. शाळेने ते पत्र स्वीकारलं आणि आक्षेप घेतला नाही, तर पुढे वाद झाल्यास ती पोच तुमच्या बाजूने बोलते. मजकूर साधारण असा ठेवा:

‘माझा मुलगा ____ यास इयत्ता ८ वीत प्रवेश देताना शाळेने पुढील सवलत देण्याचे तोंडी मान्य केले आहे, त्याची नोंद व्हावी ही विनंती. १) इयत्ता ८ वी ते १० वी शिकवणी, सत्र, संगणक व परीक्षा शुल्क पूर्ण माफ. २) दर सत्राअखेर शून्य थकबाकीची पावती मिळावी. ३) दुखापत, आजारपण, खेळातील कामगिरी किंवा संघात निवड न होणे या कारणांनी चालू शैक्षणिक वर्षात सवलत बंद होऊ नये. ४) सवलत पुढील वर्षी चालू ठेवायची नसल्यास ३१ जानेवारीपूर्वी लेखी कळवावे. ५) इयत्ता ९ वी पूर्ण झाल्यास १० वीची सवलत कायम राहावी. ६) मुलाने शाळा सोडल्यास आधीच्या वर्षांचे माफ शुल्क मागू नये.’

यातला चौथा मुद्दा लोक गाळतात. ३१ जानेवारीच का? कारण फेब्रुवारी-मार्चमध्ये दुसऱ्या शाळांचे प्रवेश चालू असतात. एप्रिलच्या शेवटी ‘पुढच्या वर्षी जमणार नाही’ असं कळलं तर जवळच्या चांगल्या शाळेत जागा उरलेली नसते. पाचवा मुद्दा दहावीसाठी. नववी-दहावी मिळून एकाच मंडळात नोंदणी होते, मध्येच शाळा आणि त्यातही मंडळ बदलणं फार जिकिरीचं असतं. सीबीएसई आणि आयसीएसई दोन्हीकडे नववीतच परीक्षेसाठी नोंदणी होते. म्हणून राज्य मंडळातून दुसऱ्या मंडळात जायचं असेल तर ते आठवीतच, नववीनंतर नाही.

शाळेने उलट तुमच्याकडून काही लिहून मागितलं तर? ‘दहावीपर्यंत शाळा सोडणार नाही, सोडल्यास पूर्ण फी भरीन’ अशी हमी मागतात. यावर सही करायचीच असेल तर ‘शाळेने सवलत बंद केल्यास ही हमी लागू राहणार नाही’ ही ओळ हाताने घालून मग करा. कोरा चेक, मूळ जन्मदाखला किंवा मूळ जातप्रमाणपत्र कोणाकडेही ठेवायचं नाही. झेरॉक्स द्या, मूळ दाखवा आणि परत घ्या.

दाखला, पट आणि वय

शाळा सोडल्याच्या दाखल्याच्या वाटेत तीन खड्डे आहेत.

पहिला खड्डा म्हणजे ‘आधी खेळू दे, दाखला नंतर बघू’. कोणत्याही परिस्थितीत नाही. जुन्या शाळेच्या पटावर नाव असताना नव्या शाळेकडून उतरला तर तक्रार झाल्यावर फटका मुलाला आणि संघाला बसतो, शिवाय हे उघडकीला यायला एक स्कोअरशीट आणि एक हजेरीपट पुरतो. सरकारी पोर्टलवरही जुन्या शाळेने मुलाला मोकळं केल्याशिवाय तो नव्या शाळेच्या पटावर रीतसर येत नाही. त्यामुळे क्रम पक्का ठेवा: नव्या शाळेची लेखी हमी, मग जुन्या शाळेत दाखल्याचा अर्ज, मग प्रवेश, मग मुंबई शालेय क्रीडा संघटनेकडची खेळाडूनोंदणी. संघटनेची या हंगामाची नियमावली शाळेकडून मागून घ्या, विशेषतः बदलून आलेल्या विद्यार्थ्यांविषयीचा भाग. गेल्या वर्षीची वाचून निर्णय घेऊ नका.

जुनी शाळा दाखला अडवेल का? चांगला गोलंदाज जातोय म्हटल्यावर थोडी टाळाटाळ होतेच. शिक्षण हक्क कायद्याचं (आरटीई) कलम ५ सांगतं की बदली घेणाऱ्या मुलाला मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब द्यायचा. पण त्यातला बदलीचा हक्क विनाअनुदानित खासगी शाळेत जाण्यासाठी नाही, म्हणून केवळ त्या कलमावर विसंबू नका. अर्जाची पोच घ्या. आठवडाभर हालचाल झाली नाही तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे त्या पोचेच्या झेरॉक्ससह एक पानाचा अर्ज पुरतो.

इथेच एक गोष्ट नीट तपासा. मुलगा सध्याच्या शाळेत आरटीईच्या २५ टक्के जागेवर असेल तर तिथलं त्याचं आठवीपर्यंतचं मोफत शिक्षण कायद्याने राखलेलं आहे. ती जागा सोडली की तो हक्क नव्या खासगी शाळेत आपोआप मागोमाग येत नाही. कायद्याने मिळालेली माफी टाकून तोंडी माफी घेणं हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे, आणि तो सर्रास होतो.

दुसरा खड्डा दाखल्यावरच्या नोंदी. नावाचं स्पेलिंग, आईचं नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ आणि जात, हे सगळं जुन्या शाळेच्या जनरल रजिस्टरप्रमाणे जसंच्या तसं उतरलंय का ते कार्यालयातच, खिडकीसमोर उभं राहून वाचा. चूक असेल तर दाखला हातात घेण्याआधी दुरुस्त करून घ्या. शाळा सोडल्यावर जनरल रजिस्टरमधली नोंद बदलणं फार कठीण असतं. जातीचा रकाना रिकामा किंवा अर्धवट राहिला तर त्याचा त्रास चार-पाच वर्षांनी जातपडताळणीच्या वेळी होतो, तेव्हा क्रिकेट आठवतही नसतं.

तिसरा खड्डा वय. कोणी ‘दाखल्यावर तारीख जरा पुढे घेऊ’ म्हणाला तर संभाषण तिथेच संपवा. बीसीसीआय सोळा वर्षांखालच्या मुलांच्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय ठरवते, त्या पद्धतीला टीडब्ल्यू३ म्हणतात. खोटं वय सापडलं तर दोन वर्षांची बंदी, असं मंडळाने २०२० मध्ये जाहीर केलं. सोळाव्या वर्षी दोन वर्षं बाहेर बसणं म्हणजे वयोगटाचं क्रिकेट जवळपास संपलं. ही बंदी मुलावर येते, तारीख बदलायला सांगणाऱ्यावर नाही. आणि एका वर्गात मुद्दाम पुन्हा बसवण्याचा सल्ला मिळाला तर हेही सांगतो: हॅरिस शील्ड सोळा वर्षांखालची आणि जाइल्स चौदा वर्षांखालची स्पर्धा, दोन्हीकडे जन्मतारीख मोजतात, इयत्ता नव्हे. वर्ग मागे ठेवून काही मिळत नाही, एक वर्ष तेवढं जातं.

खेळायला मिळणार का?

तुमच्या पत्नीला किंवा आजोबांना हा प्रश्न सुचेल, तुम्हाला कदाचित नाही. शील्ड जिंकणाऱ्या शाळेत पंधरा चांगली मुलं असतात, त्यात आणखी पाच बाहेरून आणलेली. वेगवान गोलंदाजांच्या जागा तीन. बाद पद्धतीच्या स्पर्धेत पहिल्याच सामन्यात संघ हरला तर हंगाम दोन दिवसांत आटोपला. त्यामुळे प्रशिक्षकांना मागच्या दोन हंगामांच्या स्कोअरशीट मागा आणि त्यात तीन गोष्टी बघा: वर्षात एकूण किती सामने झाले, तिसऱ्या-चौथ्या गोलंदाजाने किती षटकं टाकली, आणि बाहेरून आलेली मुलं दुसऱ्या वर्षीही संघात दिसतात का. तिसरी गोष्ट सगळ्यात बोलकी. दरवर्षी नवी चार नावं येतात आणि जुनी चार गायब होतात, असं चित्र असेल तर तिथे माफी खेळाडूला नसून हंगामाला मिळते.

गुणवत्ता मोजक्या शाळांत गोळा झाली की सामने एकतर्फी होतात. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या के. सी. गांधी शाळेच्या प्रणव धनावडेने भंडारी चषक या शालेय स्पर्धेत नाबाद १००९ केल्या, तेव्हा समोरचा संघ दोन्ही डावांत ३१ आणि ५२ धावांत गारद झाला होता. पराक्रम खराच, सामना मात्र सामना नव्हता. तुमच्या मुलाने अशा दुबळ्या संघाविरुद्ध आठ बळी घेतले तर कागदावर छान दिसेल, पण मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या (एमसीए) निवड चाचणीत त्याला समोर तेवढाच चांगला फलंदाज मिळणार आहे. कधीकधी मधल्या फळीतल्या शाळेत नवा चेंडू हातात घेऊन वर्षाला शंभर-दीडशे षटकं टाकणं जास्त शिकवून जातं.

प्रणवच्या गोष्टीतला दुसरा भाग इथे जास्त उपयोगाचा. मुंबई क्रिकेट असोसिएशनने त्याला महिना १०,००० रुपयांची शिष्यवृत्ती जाहीर केली होती, उघड आणि मुदतीसह. पुढे कामगिरी घसरल्यावर २०१७ मध्ये वडिलांनीच पत्र लिहून ती थांबवायला सांगितली. शिष्यवृत्तीच्या अटी सगळ्यांना ठाऊक असल्या की ती थांबवणंही सन्मानाने होतं, कोणाची उधारी राहत नाही.

वेगवान गोलंदाज आहे, म्हणून पाठीबद्दल

या वयात उंची भराभर वाढते, हाडं अजून पक्की व्हायची असतात, आणि कमरेच्या मणक्याला सूक्ष्म तडा जाणं ही वेगवान गोलंदाजांची नेहमीची दुखापत आहे. बरं व्हायला सहसा तीन ते सहा महिने लागतात, म्हणजे अख्खा शालेय हंगाम. फीमाफी देणाऱ्या शाळेला ‘वसुली’ हवी असते, आणि ती षटकांतून होते: सकाळी शाळेचा सराव, संध्याकाळी अकादमी, रविवारी क्लब. प्रत्येक ठिकाणी सहा षटकंच, पण बेरीज कोणी करत नाही. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांत तेरा वर्षांखालच्या वेगवान गोलंदाजासाठी एका स्पेलमध्ये (सलग हप्त्यात) ५ आणि दिवसात १० षटकं, तर चौदा-पंधरा वर्षांखाली ६ आणि १२ अशी मर्यादा अनेक वर्षं वापरली गेली. तेवढाच आकडा धरा आणि एका वहीत रोज टाकलेले चेंडू लिहा, सरावातलेसुद्धा. वही मुलाने नाही, तुम्ही ठेवायची. मुलगा प्रशिक्षकांसमोर आकडा कमीच सांगतो. कंबरेत एका बाजूला, मागे वाकताना दुखतं असं दोन दिवसांहून जास्त म्हणाला तर गोलंदाजी बंद आणि हाडांचे डॉक्टर. साध्या एक्स-रेमध्ये सुरुवातीचा तडा बहुधा दिसत नाही, एमआरआय लागतो. त्याचा खर्च शाळा देणार का, हाही प्रश्न वरच्या पत्रात घालता येईल.

वसईहून प्रवासाचंही बघा. दादरपर्यंत लोकलने तासाभराचा प्रवास, गर्दीत किटबॅग घेऊन. सहाच्या सरावाला पोचायचं तर साडेचारला उठणं आलं, आणि रात्री गृहपाठ. तेराव्या वर्षी साडेआठ-नऊ तास झोप लागते, ती या वेळापत्रकात बसत नाही. आठवड्यात सकाळचा सराव तीनच दिवस आणि बाकी शाळा सुटल्यावर, एवढं तरी ठरवून घ्या. प्रशिक्षकांच्या घरी किंवा शाळेच्या ओळखीच्या खोलीवर राहायची सोय सांगितली तर आधी ती जागा दोघांनी जाऊन बघा, अचानकही जा, तिथे आणखी कोण राहतं ते विचारा, आणि मुलाकडे रोज स्वतःचा फोन असेल हे ठरवा. पालघरचा शार्दूल ठाकूर लाड सरांच्या घरी राहून शिकला हे खरं, पण तेव्हा दोन कुटुंबांनी एकमेकांना ओळखून ते केलं होतं.

हजेरीचंही विसरू नका. दहावीला ७५ टक्के हजेरी लागते. सामन्यांच्या दिवसांची ‘खेळासाठी रजा’ अशी रीतसर नोंद वर्गशिक्षकांच्या पटावर होते का ते विचारा. प्रशिक्षक तोंडी ‘बघतो मी’ म्हणतात, पट मात्र बाईंच्या हातात असतो.

दुसरीकडे हे झाकलेलं उघडलं तेव्हा

जपानमध्ये शालेय बेसबॉलला आपल्याकडच्या क्रिकेटइतकाच मान. तिथल्या विद्यार्थी बेसबॉलच्या नियमांत, खेळतो म्हणून फीमाफी घेणं बंद होतं, तरी खासगी शाळा ती सर्रास देत होत्या. २००७ मध्ये एका व्यावसायिक क्लबने शाळकरी खेळाडूंना पैसे दिल्याचं प्रकरण फुटलं, त्याचा धागा शाळांपर्यंत गेला आणि शालेय बेसबॉल महासंघाने चौकशी केल्यावर पावणेचारशेच्या आसपास शाळा आणि जवळपास आठ हजार खेळाडू या यादीत निघाले. खेळाडूंना काही काळ सामन्यांपासून दूर ठेवलं गेलं. दोष शाळांचा, बाकावर बसली मुलं. पुढे महासंघाने बंदीचं सोंग सोडलं आणि मर्यादा घातली: एका इयत्तेत जास्तीत जास्त पाच खेळाडू, माफी प्रवेश शुल्क आणि शिकवणी शुल्कापुरती, आणि योजना जाहीर करायची. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या दहा शाळांनी डिसेंबर २०१८ मध्ये सेंट केंटिगर्न कॉलेजशी रग्बी खेळायला नकार दिला होता, बाहेरून खेळाडू आणण्यावरून. आपल्याकडे असा आकडा घालून देणं आणि तो जाहीर करणं एखाद्या संघटनेने मनावर घेतलं तर पालकांचं निम्मं काम वाचेल. तोवर पोचेवरच भागवावं लागेल.

क्रिकेट सोडून दुसऱ्या खेळातला मुलगा असता तर कदाचित मी खासगी शाळेकडे जाऊच नका म्हटलं असतं. राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनी, सैन्याच्या बॉईज स्पोर्ट्स कंपन्या आणि खेलो इंडियाची शिष्यवृत्ती, ज्यात निवडलेल्या खेळाडूला महिना १०,००० रुपये हातखर्चाला मिळतात, यांच्या चाचण्या जाहीर होतात आणि अटी छापील असतात. क्रिकेटला ती वाट नाही, म्हणून हा एवढा खटाटोप.

आता प्रशिक्षकांना काय सांगायचं? ‘सर, मुलगा यायला तयार आहे, आम्हालाही आनंद आहे. मुख्याध्यापकांना भेटून एवढं पत्र देतो, पोच मिळाली की दुसऱ्या दिवशी दाखल्याचा अर्ज करतो.’ बस, इतकंच. रागावून नाही, अविश्वास दाखवून नाही. चांगला प्रशिक्षक स्वतः तुमच्याबरोबर कार्यालयात येईल, कारण दाखला अडकलेला गोलंदाज त्यालाही हंगामात चालत नाही. ‘मग राहू दे’ म्हणाला तर राहू द्या. सध्याच्या शाळेत मुलाची जागा शाबूत आहे, आणि बळी घेणाऱ्या तेरा वर्षांच्या वेगवान गोलंदाजाला पुढच्या मार्चमध्ये आणखी दोघं तरी बाजूला घेऊन बोलतीलच. तेव्हा हे पत्र पुन्हा टाइप करायला नको म्हणून जपून ठेवा.